नाल्यापलीकडचा दाखला

आमच्या सोसायटीत पुराचं पाणी शिरलं त्या दिवशी मी दाभण घेऊन पोती शिवत बसले होते. हे आधीच सांगून टाकते. पुढे मी बरंच ताठ मानेने वागल्याचं सांगणार आहे, आणि वाचणाऱ्याने मला उगाच सज्जन समजू नये.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये अर्धं आयुष्य काढून आम्ही यमुना ओलांडून मयूर विहारमध्ये, स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो होतो. सोसायटी सगळी सरकारी नोकरांची. तमिळ, बंगाली, पंजाबी. मराठी म्हणाल तर दोन घरं. मी एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. सोसायटीची सेक्रेटरी झाले ती काही कर्तबगारीमुळे नव्हे, बैठकीला उशिरा पोचले म्हणून. गैरहजर माणसाच्या गळ्यात पद बांधायची आमच्याकडे पद्धतच होती.

सोसायटीच्या मागून एक मोठा नाला जातो. अलीकडे आम्ही, पलीकडे वस्ती. आमच्या कामवाल्या, इस्त्रीवाला, सुतार, प्लंबर सगळे तिकडूनच येत. पुलावरून चालत पाच मिनिटं. तरी आम्ही त्यांना 'नाल्यापलीकडचे' म्हणायचो, आणि ते ज्या सुरात म्हणायचो त्यात बरंच काही येऊन जायचं.

यमुना फुगली की हा नाला उलटा वाहायला लागतो. त्या वर्षी तो काठापर्यंत आला. आमच्या बाजूच्या बांधाला एक खिंड होती, येण्याजाण्याने पडलेली. रविवार होता, सगळे घरी. आमचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त अंडर सेक्रेटरी. त्यांनी खिंड बुजवायचा हुकूम सोडला. कुणाच्या तरी घरी फरशीचं काम चाललं होतं, तिथली वाळू मिळाली. पोती सोसायटीच्या सहकारी दुकानातली मिळाली, प्रत्येकावर आमच्या सोसायटीचा निळा शिक्का. प्रश्न होता तोंडं बांधायचा. सुतळीची गाठ वाळूच्या वजनाने सुटत होती.

तेव्हा मी घरातून दाभण आणलं. लग्नात आईने दिलेलं, गाद्या शिवायचं. मुलगी म्हणाली, "आई, ही एवढी मोठी सुई कशाला?" दिल्लीत वाढलेल्या पोरीला दाभण हा शब्द कुठून माहीत असणार? मी दुहेरी सुतळी ओवली आणि शिवायला बसले. उलटा टाका, चार बोटांवर गाठ, पुन्हा उलटा टाका. माझी आई असंच शिवायची. माझा नवरा आणि बाकीचे पुरुष पोती वाहून नेत होते. दुपारपर्यंत खिंड बंद झाली. कुणीतरी चहा केला, कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

पाणी आता कुठे जाईल, हे कुणी विचारलं नाही. मला सुचलं होतं, खोटं कशाला बोलू. पलीकडचा काठ आमच्यापेक्षा ठेंगणा आहे हे रोज पुलावरून दिसायचं. मी तोंड मिटून पुढचं पोतं शिवलं.

संध्याकाळपर्यंत वस्तीत छातीएवढं पाणी झालं. आणि आमच्याकडे? चारच्या सुमाराला तळमजल्यावरच्या संडासांतून गुडगुड आवाज यायला लागले. आम्ही समोरून दार लावलं होतं, पाणी खालून गटाराने आलं. तळमजल्याच्या घरांत गुडघाभर काळं पाणी, पंपरूम बुडाली, विजेचं पॅनेल गेलं, पिण्याच्या पाण्याची जमिनीखालची टाकी घाण झाली. गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं.

पाणी ओसरल्यावर कमिटीची बैठक माझ्याच घरी झाली, कारण मी तिसऱ्या मजल्यावर. अध्यक्षांनी एक चकचकीत माहितीपत्रक टेबलावर ठेवलं. नेहरू प्लेसची कुठलीशी नवी कंपनी. पुरानंतरची सगळी दुरुस्ती एका छताखाली, फोटोत पिवळी टोपी घातलेली गोरी माणसं.

मी म्हणाले, "सर, हमारे पंप नालेपार वाले मिस्त्री ने बिठाए हैं. पाइपलाइन भी उसी ने डाली. उसे बुला लेते हैं, कल से काम शुरू हो जाएगा."

"मैडम, ज़माना बदल गया है," अध्यक्ष म्हणाले. "अब प्रोफेशनल लोग आ गए हैं. ये लोग अनऑर्गनाइज़्ड हैं."

आमच्याकडे याला 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' म्हणतात. पण ही म्हण हिंदीत सांगून उपयोग नव्हता. मतदान झालं आणि कंपनी ठरली. करार टाइप करायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. माझ्या मनात मात्र एक गोष्ट घोळत होती: करारात अट घालता येते.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारून मी पुलावरून पलीकडे गेले. भिंतींवर पाण्याची रेघ माझ्या खांद्याला लागत होती. मिस्त्रीचं दुकान म्हणजे रस्त्याकडची एक खोली; मागच्या खोलीत संसार. मोटर वाइंडिंग, म्हणजे जळक्या मोटरीत नवी तार भरणं, आणि नळाचं काम तो करायचा, आणि वाइंडिंगची तार त्याची बायको भरायची. बोलता बोलता ती वेढे मोजायची आणि कधी चुकायची नाही, हे मी स्वतः पाहिलं होतं. आता वाइंडिंगचं यंत्र अंगणात गंजत पडलं होतं. तारेची रिळं चिखलाने माखलेली. मिस्त्री एका ड्रिल मशिनीतून पाणी निथळवत बसला होता.

मला बघून त्याची बायको आत गेली आणि पोत्यांचा गठ्ठा घेऊन बाहेर आली. धुतलेली, वाळवलेली, घडी घातलेली पोती. वरच्या पोत्यावर आमचा निळा शिक्का. तिने गठ्ठा माझ्यासमोर ठेवला.

"ये आपकी हैं," ती म्हणाली. "गिन लीजिए."

मी काय मोजणार? पोत्यांच्या तोंडाशी अजून सुतळीची टोकं लोंबत होती. चार चार बोटांवर गाठ. माझ्या आईचा टाका मी लाखात ओळखेन. पाणी उतरल्यावर वस्तीतल्या लोकांनी ती खिंड मोकळी केली होती आणि पोती हिच्या दारात आणून टाकली होती, कारण सोसायटीत हिच्या नवऱ्याची ये-जा. तिने बसून सगळी उसवली होती.

"सिलाई बहुत पक्की थी," ती म्हणाली.

"मैंने की थी," मी म्हणाले. लाज वाटत होती, पण त्याहून जास्त वाटत होतं की आता गप्प बसले तर पुन्हा कधी मान वर करता येणार नाही. तिने माझ्याकडे नीट पाहिलं, मान हलवली आणि चहा टाकायला गेली. तो चहा घोटाघोटाने प्यावा लागला.

मिस्त्रीला मी कंपनीबद्दल सांगितलं. काम तुम्हालाच मिळेल असं बघते, म्हटलं.

"कंपनी के नीचे?" तो हसला. "नहीं मैडम. बहुत किया. काम मेरा, नाम कंपनी का."

मग त्याने मला जे सांगितलं ते मला, आयुष्यभर कागदांत राहिलेल्या बाईला, कधी सुचलंच नव्हतं. गाझियाबादच्या बाजूला शेतांत उंच इमारती उठत होत्या. तिथे पंपांचं, पाइपांचं रग्गड काम होतं. तो दोनदा जाऊन आला होता. तिथला माणूस विचारायचा, अनुभवाचा दाखला आहे? लेटरहेडवर, सहीशिक्क्याचा? याने आमच्यासारख्या कितीतरी सोसायट्यांना पाणी चढवलं होतं, पण एकाही ठिकाणी त्याचं नाव नव्हतं. कागदावर कंत्राटदार कुणी भलताच. आता हत्यारं बुडाली होती. दिवाळीपर्यंत काही जमलं नाही तर दुकान बंद करून लेबर चौकात उभं राहायचं. सकाळी सहाला हातात ब्रश आणि छिन्नी घेऊन, कुणी उचलून नेईल याची वाट बघत. एवढं सांगून तो पुन्हा ड्रिल पुसायला लागला.

"मेरे नाम से काम दीजिए," तो म्हणाला. "और काम के बाद सोसाइटी का लेटर. प्रधान जी और आप, दोनों के साइन. तब आऊँगा."

प्रधान जी म्हणजे आमचे अध्यक्ष. त्याच्या आवाजात विनवणी नव्हती. तो अटी सांगत होता. मला ते आवडलं. मी पोत्यांचा गठ्ठा उचलला आणि पुलावरून घरी आणला. वाटेत आमचीच दोन माणसं भेटली, त्यांनी विचारलं काय आणलंत. "आपलीच पोती, परत आली," मी सांगितलं.

त्या रात्री करार टाइप केला. पान तीन, चौथी अट: पंप, नळ, वीज आणि सुतारकाम सोसायटीपासून एका मैलाच्या आत दुकान असलेल्या स्थानिक कारागिरांकडूनच, त्यांच्या स्वतःच्या नावाने, उपकंत्राट देऊन करून घ्यावं, न घेतल्यास करार रद्द. मग जिथे सही हवी तिथे पेन्सिलीने बारीक फुली मारली. दिल्लीच्या कुठल्याही सरकारी ऑफिसात काम केलेल्या माणसाला या फुलीचं सामर्थ्य माहीत आहे. साहेब वाचत नाही, साहेब फुली शोधतो. ज्या माणसाने तीस वर्षं दुसऱ्यांच्या फायली एका स्वल्पविरामासाठी परत पाठवल्या, त्याने आमचा करार उघडला, फुली शोधली, सही केली आणि पेनाला टोपण लावलं. कंपनीच्या मॅनेजरनेही तसंच केलं. त्याला तर वाटलं असणार, बायकांनी टाइप केलेल्या कागदात काय असायचंय.

सोमवारी सकाळी कंपनीचा टेंपो आला. आत गाझियाबादहून आणलेली डझनभर माणसं. मी गेटमध्ये प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसले होते, मांडीवर डबा आणि करार. रजेचा अर्ज आधीच दिला होता.

मॅनेजर टाय सावरत उतरला. "मैडम, गेट खुलवाइए."

"पान तीन, चौथी अट," मी म्हणाले. "मतलब, पेज तीन, शर्त चार."

त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. "मैडम, ये सब फॉर्मेलिटी होती है. हमारे अपने वेंडर हैं."

"हमारे भी अपने हैं."

"आप काम रोक रही हैं. लोगों के घर में पानी नहीं है."

"पानी मेरे घर में भी नहीं है," मी म्हणाले. "तीन मंज़िल बाल्टी मैं भी चढ़ा रही हूँ. आप मिस्त्री को फ़ोन कीजिए, नंबर मेरे पास है."

त्याने अध्यक्षांना बोलावलं. तोवर गॅलऱ्यांत माणसं जमली होती. कुणी वरून ओरडलं, "मैडम, जाने दीजिए ना यार." मी डबा उघडला आणि पोळी खायला लागले. भूक नव्हती. पण हातात काहीतरी असलं की माणूस उठत नाही, हे मी ऑफिसच्या संपात शिकले होते. अध्यक्ष आले, कागद घेतला, सही पाहिली. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"यह मैंने पढ़ा नहीं था," ते हळू आवाजात मला म्हणाले.

"सर, ये बात मैनेजर साहब को बता दें? ज़ोर से?"

निवृत्त अंडर सेक्रेटरी सगळं कबूल करेल, पण न वाचता सही केली हे चारचौघांत कबूल करणार नाही. त्यांनी घसा खाकरला आणि मॅनेजरला सांगितलं की सोसायटीच्या अटी काटेकोर पाळल्या गेल्याच पाहिजेत. टेंपो परत गेला. दुपारी मिस्त्री आला, सोबत वस्तीतला सुतार, एक वायरमन आणि दोन गवंडी. गेटमधून आत शिरताना त्याने माझ्या खुर्चीकडे पाहिलं आणि म्हणाला, "अब उठ जाइए." पाय आखडले होते, तरी उठले.

काम कसं झालं ते सांगताना मी त्याला देव बनवणार नाही. मॅनेजर नकाशा घेऊन मुख्य व्हॉल्व्ह शोधत होता आणि मिस्त्रीने सरळ बॅडमिंटन कोर्टाच्या कोपऱ्यात पहार मारली, कारण व्हॉल्व्ह त्यानेच बसवला होता आणि त्यावर सिमेंट आम्ही ओतलं होतं. पण एका पंपाची मोटर त्याने भरली ती तिसऱ्या दिवशी जळली. अध्यक्षांना फार आनंद झाला. मिस्त्रीने मोटर काढली, पुन्हा घरी नेली. ओल्या मोटरी तो तेलाच्या रिकाम्या पिंपात मोठे बल्ब लावून वाळवायचा, आणि वीज दिवसात चार वेळा जायची, म्हणून ती नीट वाळली नव्हती. हे त्याने सरळ सांगितलं. "मेरी ग़लती. दोबारा करूँगा." आमच्या ऑफिसात एवढं छोटं वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं.

दसऱ्याच्या आधी टाकी चार वेळा उपसून, चुना आणि ब्लीचिंग पावडरने घासून झाली. तळमजल्याची फुगलेली दारं सुताराने रंधा मारून बसवली. तिसऱ्या मजल्यावर नळाला पाणी आलं तेव्हा माझा नवरा नळाखाली हात धरून बराच वेळ उभा राहिला. गेले काही दिवस तो घरात कमी बोलत होता. कपाटावर ठेवलेला पोत्यांचा गठ्ठा त्याला रोज दिसत होता.

आता दाखला. मी मोठ्या उत्साहाने लिहायला बसले. हिंदीत लिहिला, मराठीत सांगते. वर चार ओळी कामाच्या. त्याखाली मी लिहिलं की हे काम मिस्त्रींनी अशा वेळी केलं, जेव्हा आमच्या सोसायटीने स्वतःला वाचवण्यासाठी नाल्याच्या बांधावर पोती रचून पुराचं पाणी त्यांच्या वस्तीकडे वळवलं होतं, त्यामुळे त्यांचं दुकान आणि हत्यारं बुडाली होती, आणि तरीही त्यांनी आमच्या घरांत पाणी आणलं. लिहिताना माझे डोळे भरून आले. स्वतःच्याच मोठेपणाने, हे नंतर कळलं. सरकारी सवयीने कार्बन घालून तीन प्रती केल्या, तिन्हींवर पेन्सिलीची फुली. अध्यक्षांनी तिन्ही ठिकाणी सह्या केल्या. करारावरून ते काही शिकले असतील असं मला वाटलं होतं. जित्याची खोड.

दाखला घेऊन मी मिस्त्रीकडे गेले. त्याने हात पुसले, ओळींखाली बोट धरून संथपणे सगळा वाचला. मग बायकोला वाचून दाखवला. मग त्याने कागद माझ्या हातात परत दिला.

"मैडम, इसमें मेरा काम चार लाइन है, और आपका गुनाह छह लाइन."

मी काहीतरी बोलायला गेले.

"बिल्डर को ये दिखाऊँ? वो पूछेगा, तू काम करता है कि मुक़दमा?" तो शांतपणे बोलत होता. "आपको मन हल्का करना है तो अपने काग़ज़ पर कीजिए. मेरे काग़ज़ पर मेरा काम रहने दीजिए."

मला राग आला. फार राग आला. यांच्यासाठी गेटमध्ये बसले, अध्यक्षांशी वैर घेतलं, आणि हा माणूस माझं खरेपण परत करतो? पुलावर येईपर्यंत मी मनातल्या मनात त्याला बरंच सुनावलं. पुलाच्या मध्यावर थांबले. खाली नाला आता नेहमीसारखा, काळा, शहाण्यासारखा वाहत होता. अलीकडे खिंड, पलीकडे ठेंगणा काठ. तेव्हा डोक्यात लख्ख पडलं की आधी मी माझं पाणी त्याच्या घरात सोडलं होतं, आणि आता माझी कबुलीही त्याच्याच कागदावर सोडत होते. तिथेच उभ्या उभ्या कान तापले.

त्याच दिवशी दुसरा दाखला टाइप केला. कोणतं काम, किती पंप, किती मजले, काम समाधानकारक, पंपांची हमी मिस्त्रीच्या नावाने. खाली फुली. अध्यक्षांनी सही केली, शेजारी मी केली. तो मिस्त्रीने वाचला, घडी न घालता एका जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावर ठेवला आणि म्हणाला, "ये ठीक है." पंधरा दिवसांत त्याला गाझियाबादच्या बाजूच्या एका इमारतीचं पंपांचं काम मिळालं, त्याच्या नावाने. दुकान उघडं राहिलं.

राहिला पहिला कागद, तीन प्रतींत, लेटरहेडवर, अध्यक्षांच्या सहीचा. मन हलकं करायचं तर स्वतःच्या कागदावर करा, असं तो म्हणाला होता. हा माझाच कागद होता. मी एक प्रत नोटीसबोर्डावर लावली.

तासाभरात अख्खी सोसायटी खाली. अध्यक्ष धावत आले. "यह मैंने कब साइन किया?"

"फुली होती तिथे, सर," मी मराठीत म्हणाले. मग हिंदीत सांगितलं.

संध्याकाळपर्यंत प्रत फाडली गेली. रविवारी सर्वसाधारण सभा बोलावली. बॅडमिंटन कोर्टावर सतरंज्या टाकल्या होत्या, बरोबर त्या व्हॉल्व्हच्या शेजारी. अध्यक्ष सोसायटीच्या इभ्रतीवर बोलले. फ्लॅटच्या किमती आता कुठे चढायला लागल्यात, आणि आपलीच सेक्रेटरी आपल्याच बोर्डावर असलं लिहिते. कुणी म्हणालं, पाणी नदीने आणलं, आपण नाही. कुणी म्हणालं, ते लोक बेकायदा राहतात. चोराच्या उलट्या बोंबा कशा असतात ते मी त्या दिवशी चार भाषांत ऐकलं.

मी म्हणाले, मी जे लिहिलंय त्यातला एक शब्द खोटा असेल तर सांगा, मी आत्ता खोडते. मग अध्यक्षांनी विचारलं, पोती कुणी रचली याचा काही पुरावा आहे का?

तेव्हा माझा नवरा उठला. आदल्या रात्री तोच मला म्हणाला होता, "अगं, आपलीच बदनामी आपण कशाला करायची?" मला वाटलं, आता हा माझ्याविरुद्ध बोलणार. तो भर सभेत कधी बोलत नाही, त्याचे हात खिशात होते.

"मैंने उठाई थीं," तो म्हणाला. "मेरी पत्नी ने सीं. जो मेरे साथ उठा रहे थे, सब यहीं बैठे हैं. मैं नाम नहीं लूँगा. आप लोग एक दूसरे को जानते हैं."

तो खाली बसला. सभा दुप्पट आवाजात सुरू झाली. शेवटी मतदान झालं आणि मला सेक्रेटरीपदावरून काढलं. त्यासाठी हात वर करणाऱ्यांत तळमजल्यावरचेही होते, ज्यांची दारं त्या सुताराने बसवली. गरज सरो, वैद्य मरो. मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. घरी येऊन मी भांडी आदळत धुतली.

दुसऱ्या दिवशी दुसरी प्रत लावली. ऑफिसातून परत आले तर तीही फाडलेली. उरली एक. नवऱ्याने कपाटाकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं. तो स्टूलवर चढला आणि गठ्ठ्यातलं वरचं पोतं काढून दिलं.

मी दाभण शोधलं. मुलगी बाजूला बसून बघत होती. तिसरी प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि चारी बाजूंनी पोत्यावर शिवली, निळ्या शिक्क्याच्या बरोबर खाली. उलटा टाका, चार बोटांवर गाठ. मग दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं खाली गेलो आणि नोटीसबोर्डाला जी लोखंडी जाळी होती त्या जाळीलाच मी ते पोतं शिवून टाकलं. भर सकाळी, दूधवाल्याच्या आणि ऑफिसला निघालेल्यांच्या समोर. अध्यक्ष फिरायला निघाले होते, ते वळसा घालून गेले.

दोन दिवसांनी मिस्त्रीची बायको आली. तो गाझियाबादच्या कामावर होता, म्हणून हमीत असताना पुन्हा बिघडलेली एक मोटर तिनेच भरून आणली होती, रिक्षात घालून. ती बोर्डापाशी थांबली. कडेच्या दोन गाठी कुणीतरी ब्लेडने कापायचा प्रयत्न केला होता, सुतळी नुसती पिंजली होती. तिने पोत्याचा कोपरा हातात धरला, टाक्यांवरून अंगठा फिरवत गेली. ओठ हलत होते, ती मोजत होती.

"खोलने में मेरे दो दिन गए थे," ती म्हणाली. "इन लोगों से नहीं खुलेगा."

मग तिने मला मोटर उचलायला हात लावायला सांगितलं, आणि आम्ही दोघी ती पंपरूमकडे घेऊन गेलो.